पाठमोरा नवरा

पुढे गैरसमज नकोत म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो: आमच्या घरात सगळं ठीक आहे. मी बायकोला छळत नाही. तिच्याशी अबोला धरत नाही. उलट ती "पुरे आता" म्हणेपर्यंत बोलतो. एका सभ्य, निवृत्त, बिलं वेळेवर भरणाऱ्या माणसावर हे चारचौघांत सांगायची पाळी का यावी? तर त्याने एक सिनेमा काढला म्हणून.

सिनेमा काढला म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "गाणी किती आहेत?" गाणी नाहीत. मारामारी नाही. संवाद नाहीत. खरं म्हणजे गोष्टही नाही. वाचनालयाच्या माडीवर सिनेमाचं रसास्वाद शिबिर झालं होतं, त्याला मी रोज पहिल्या रांगेत बसलो होतो. तिथे शिकवायला आलेले दाढीवाले गृहस्थ म्हणाले होते, "गोष्ट म्हणजे प्रेक्षकाने जागं राहावं म्हणून त्याला दिलेली लाच." मी उभी हयात टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात काढली. तिथे कधी लाच घेतली नाही, मग आता उतारवयात द्यायला कशाला सुरुवात करू?

सिनेमाचं नाव 'पलीकडे'. एक टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीत पुरुष, आपल्याकडे पाठ करून. पलीकडच्या खुर्चीत बाई, आपल्याकडे तोंड करून. ती त्याच्याकडे बघते. बराच वेळ बघते. मग उठून आत जाते आणि दार लावून घेते. पुरुष तसाच बसून राहतो. समाप्त. आता यात न समजण्यासारखं काय आहे ते तुम्हीच सांगा.

पुरुषाच्या भूमिकेसाठी मी स्वतःची निवड केली. नट म्हणून मी चांगला आहेच, शिवाय घरातच असतो. पाठमोरा बसलो त्यालाही कारण होतं. दाढीवाल्यांचं म्हणणं होतं, की नट पाठमोरा असला की त्याचं मन प्रेक्षक स्वतः लिहितो. समोरून बसून पाहिलं तेव्हा माझं पोट टेबलाच्या काठावर विसावत होतं, हे दुसरं कारण आहे, पण ते दुय्यम आहे.

बाईच्या भूमिकेसाठी मी आधी खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं. त्या खूश झाल्या. साडी कोणती नेसू, संवाद पाठ करायला किती दिवस मिळतील, अशी सुरुवात त्यांनी केली. संवाद नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी नुसती बसू? तुमच्याकडे बघत?" असं त्यांनी ज्या सुरात विचारलं, त्यानंतर मी तिथे थांबण्यात अर्थ नव्हता.

शेवटी घरातच विचारलं.

"मी काय करायचं?" ही म्हणाली.

"काहीच नाही. बसायचं आणि माझ्याकडे बघायचं."

"मधेच उठून काही आणायचं नाही? गॅस बघायचा नाही? दार उघडायचं नाही?"

"काहीही नाही."

हिने हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग करते. लग्न झाल्यापासून इतकं सोपं काम मला कुणी सांगितलं नव्हतं."

शूटिंगसाठी मुलीचा जुना मोबाइल होता. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा टाकून गेलेला. त्याच्या कॅमेऱ्याच्या काचेला एक बारीक तडा आहे, त्यामुळे चित्रात वरच्या कोपऱ्यात एक रेघ येते. स्टँड कुठून आणणार? इस्त्रीचं टेबल उभं केलं, त्यावर डाळीचा डबा, डब्याला टेकून मोबाइल. वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाडकरूने फरशा फोडायला काढल्या होत्या. त्यांना थांबा म्हणून सांगायला गेलो, तर "तुम्हीच थांबा, आमचं महिन्याभरात होईल" असं उत्तर मिळालं. तेव्हा मी सिनेमा मूक करायचा निर्णय घेतला. निर्णय कलात्मक होता. त्याला कारण फरशी होती, एवढंच.

आता अभिनयाबद्दल थोडं. पाठमोरा असलो तरी मी काम चुकवलं नाही. तक्रार विभागात मी कधी समोरच्याचं न ऐकता सही केली नाही, तेच वळण. आतून दुःख उभं राहिल्याशिवाय पाठीला ते कळणार कसं? म्हणून मी चेहऱ्याने संपूर्ण अभिनय केला. भुवया वर घेतल्या, एक एक करून खाली आणल्या. जबडा आवळला. नाकपुड्या फुगवल्या. डोळे हळूहळू मोठे करत नेले आणि तिथेच धरून ठेवले, कारण दुःख पापणी लवू देत नाही. मधेच दिवे गेले. तरीही मी थांबलो नाही, हिलाही हलू नको म्हणून सांगितलं. त्या अंधारात पलीकडून एकदा उचकी लागल्यासारखा आवाज आला. वरच्यांची फरशी असेल, असं मी धरून चाललो. दिवे आले, मी पुन्हा सुरुवातीपासून दुःख उभं केलं, आणि एवढ्यात ही ताडकन उठली, आत गेली आणि धाडकन दार लावून घेतलं.

मी 'कट' म्हणेपर्यंत उठायचं नाही असं ठरलं होतं. पण तिचं ते उठणं इतकं आतून आलेलं होतं, की मी ते ठेवून दिलं. नंतर विचारलं, "का गं उठलीस?"

"सहन होईना," ती पदराने डोळे पुसत म्हणाली.

मी थरारलो. शिबिराला न जाता ही बाई भूमिकेच्या गाभ्याला गेली होती.

सिनेमा तयार झाला, आता दाखवायचा कुठे? आमच्या सोसायटीचा हॉल आहे. हॉलवाला म्हणजे त्या हॉलचा व्यवस्थापक. त्याने मला भिंतीवर रंगवलेली पाटी दाखवली. हॉल पुढील कारणांसाठी मिळेल: लग्न, वाढदिवस, शोकसभा, लसीकरण आणि सोसायटीच्या बैठका.

"सिनेमा यात नाही," तो म्हणाला.

"मग घाला की."

"पाटी रंगवणारा वारला."

मी त्याला कला म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गाणीबजावणी आहे का? जेवण आहे का? लोक हसणार आहेत का?" तिन्हीला मी बाणेदारपणे नाही म्हणालो. "मग शोकसभेत बसतं," म्हणून त्याने नोंद करून टाकली. मला वाटलं, नावात काय आहे, हॉल मिळाल्याशी कारण. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी फलकावर खडूने लिहिलेलं होतं: 'शोकसभा', आणि खाली आमच्या फ्लॅटचा क्रमांक.

हॉल तुडुंब भरला. माझ्या कोणत्याही यशाला इतके लोक कधी आले नव्हते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, हळू आवाजात बोलणारे. दारात मी हसतमुखाने स्वागताला उभा होतो, आणि प्रत्येक जण मला बघून दचकत होता. आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर तर हार घेऊन आले होते. मला जिवंत बघून त्यांनी हार पाठीमागे लपवला. मग "वहिनी कुठे आहेत?" असं घाबरत विचारलं. वहिनी आत पंखे लावत होत्या. त्यांनाही जिवंत बघितल्यावर डॉक्टर खुर्चीत बसले, पण हार कुणाला घालायचा हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावरून शेवटपर्यंत गेला नाही.

अशा मनःस्थितीतल्या लोकांसमोर मी 'पलीकडे' सुरू केला. मी पहिल्या रांगेत बसून पडद्यावरची माझी पाठ बघत होतो. घरी जुळवाजुळव करतानाही मी तीच बघत आलो होतो. खांदे बोलत होते. मान बोलत होती. टक्कल जरा जास्त चमकत होतं, पण विचारवंताचं चमकतंच. अंधाराचा भाग आला तेव्हा हॉलवाल्याने वीज गेली समजून पळत जाऊन फ्यूज तपासला. बाकी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. शेवटी ही उठून गेली, दार लागलं, पडदा काळा झाला, आणि मागून नाक ओढल्याचे आवाज आले. लोक रडत होते! दाढीवाले आयुष्यभर सिनेमावर बोलले, पण शोकसभेला आलेला माणूस हाच खरा तयार प्रेक्षक, हे त्यांनाही सुचलं नसतं.

मग चर्चा. मी उभा राहून म्हणालो, "बोला. मोकळेपणाने बोला."

सोसायटीचे सचिव उठले. हे गृहस्थ पाण्याच्या टाकीबद्दल बोलत असले तरी निकाल दिल्यासारखे बोलतात. "एकच विचारतो. यात तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

"तक्रार नाही. सिनेमा आहे."

"मग याचा अर्थ काय?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. घसा साफ करून म्हणालो, "अर्थ विचारायचा नसतो. तो ज्याचा त्याने लावायचा असतो."

आणि त्यांनी तो लावला. मी स्वतःच्याच तोंडाने परवानगी दिली होती, आता कुणाला काय बोलणार?

डॉक्टर म्हणाले, "मी तर फक्त जबड्याकडे बघत होतो. वहिनींचा जबडा घट्ट आवळलेला आहे. गालाचा स्नायू थरथरतोय. डोळ्यांत पाणी उभं आहे. माणूस फार काळ काहीतरी दाबून ठेवतो तेव्हाच असं होतं. वहिनी, या एकदा, तपासून घेऊ." मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "ती वरची रेघ! तडा! संसाराला गेलेला तडा! आणि त्या उठून गेल्या ना, तेव्हा मी टाळीच वाजवणार होते. सुटली बिचारी, म्हटलं." मागून कुणीतरी म्हणालं, "आणि तो ढिम्म! पाठ वळवून बसलाय मेला." मेला म्हणजे मी. माझ्या देखत, माझ्याच शोकसभेत.

मी हिच्याकडे बघितलं. आता ही उठेल, हसेल आणि म्हणेल, "अहो, सिनेमा आहे तो." ही मान खाली घालून बसली होती, ओठ मिटून. मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात तिने झटकला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे डबे यायला लागले. एका माणसाच्या जेवणाचे. डबा देणारी बाई माझ्या हातात देत नसे. "वहिनींनाच देते," म्हणून सरळ आत जाई, आणि आतून कुजबुज ऐकू येई. इस्त्रीवाला माझ्या शर्टांच्या कॉलरला मुद्दाम चुण्या ठेवायला लागला. संध्याकाळी डॉक्टरांची बायको हिला फिरायला घेऊन जाई, आणि त्या दोघींमागे आणखी चार जणी संरक्षणाला. सल्ले तर विचारू नका. कुणी म्हणे, बायकोला फूल द्या. कुणी म्हणे, बाहेर जेवायला न्या. एका नवविवाहित पोराने मला जिन्यात थांबवून संवादाचं महत्त्व सांगितलं. लग्नाला त्याच्या पुरता एक उन्हाळा झाला नव्हता, आणि माझी अक्कलदाढ पडून जमाना झाला.

मग मेव्हणा आला. हिचा धाकटा भाऊ. स्वभावाने गरीब, पण त्या दिवशी बाह्या सरसावून आला होता. "भावजी, मी तुम्हाला देवमाणूस समजत होतो," म्हणाला आणि रडायला लागला. मी पाणी दिलं. ते त्याने घेतलं नाही, हिच्या हातून घेतलं. त्याच संध्याकाळी मुलीचा फोन. "बाबा, मला सगळं कळलंय. मी शनिवारी येतेय आणि आईला घेऊन जातेय. थोडे दिवस म्हणू नका, बघू किती दिवस ते."

"अगं, तो सिनेमा होता!"

"बाबा, डॉक्टरकाकांनी मला जबड्याचं सगळं सांगितलंय."

फोन ठेवून मी हिच्याकडे वळलो. "हे ऐकलंस? तू सांगत का नाहीस कुणाला काही? एक शब्द बोललीस तर सगळं मिटेल."

ही कुणाच्या तरी डब्यातलं खात होती. सावकाश चावत म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक विचारतायत, 'कशी आहेस?' रोज विचारतायत. आणि मी लगेच 'बरी आहे' म्हणून सगळ्यांना परत पाठवू? आठ दिवस तरी घेऊ द्या की."

गमतीत बोलली असेल. पण खरंच, मी शेवटचं कधी विचारलं होतं? आणि एक कीड माझ्या डोक्यात शिरली, ती काही केल्या निघेना. हॉलभर माणसं एका चेहऱ्याकडे बघून रडली. सगळी चुकली? डॉक्टर जबड्याला फसत नाहीत, त्यांचं पोट त्यावर आहे. आणि 'सहन होईना' हे तर ती माझ्याशीच बोलली होती. मी त्याला अभिनय समजलो. नसेल तर? माझ्यासमोर नुसतं बसून, नुसतं माझ्याकडे बघून जर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, तर मग इतकी वर्षं ती काय बघत होती?

दोन दिवस मी धीर गोळा केला. मग ती कपड्यांच्या घड्या घालत असताना समोर जाऊन बसलो.

"एक विचारू?"

"विचारा."

"त्या दृश्यात… तू माझ्याकडे बघत होतीस… तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? त्या चेहऱ्याचा अर्थ काय?"

तिने टॉवेलची घडी पूर्ण केली. घडीवर हात फिरवला. "अर्थ विचारायचा नसतो," ती म्हणाली. "तो ज्याचा त्याने लावायचा असतो."

आणि घड्या उचलून आत गेली.

इकडे सोसायटीच्या समितीने मला बोलावलं. टेबलाच्या पलीकडे पाच जण, अलीकडे मी. सचिवांनी निर्णय सुनावला: 'पलीकडे'मुळे सोसायटीत चुकीचा संदेश जात आहे. एक तर मी सर्वांसमोर वहिनींची माफी मागावी, नाहीतर सिनेमा पुसून टाकावा. निदान मधला मोठा भाग कापावा.

"मी जे केलंच नाही त्याची माफी?" मी म्हणालो. "आणि कापायचं म्हणाल, तर एक पापणी कापणार नाही. तिचं काम आहे ते. तुम्ही सगळे त्या कामाला रडलात. रडलात की नाही?"

"रडलो, म्हणूनच म्हणतोय."

"मग रडा. सवय करा. हॉलमध्ये पुन्हा लावतो, पुन्हा रडा! पण त्या बाईच्या चेहऱ्याला कात्री लावायची असेल तर आधी माझ्याशी गाठ आहे."

मी कधी इतक्या जोरात बोललो नव्हतो. घरच्या चेहऱ्याचा अर्थ मला माहीत नव्हता, त्याची भीती आत होती, पण म्हणून तो चेहरा पाच जणांच्या समितीच्या हवाली करू? सचिवांनी चष्मा काढला. "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," ते म्हणाले. हे वाक्य मी नोकरीत हजारो वेळा म्हटलं असेल. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं, हे त्या दिवशी कळलं.

शेवटी ठरलं, की सिनेमा सर्वांनी पुन्हा एकत्र बघायचा आणि मग निकाल. हॉलवाल्याने नोंद केली, 'तक्रार निवारण बैठक'. तीही पाटीवरच्या बैठकांत बसत होती.

शनिवार. मुलगी बॅग घेऊनच हॉलमध्ये आली, आईचीही बॅग भरून. मेव्हणा दाराशी उभा, मी पळून जाऊ नये म्हणून बहुधा. पहिल्या रांगेत समिती. ही माझ्या शेजारी बसली, यावरही मागे कुजबुज झाली. "अजून शेजारी बसते बघा," असं कुणीतरी हळहळलं.

दिवे मालवले. टेबल आलं. खुर्च्या आल्या. सवयीने माझे डोळे माझ्या पाठीकडे गेले. खांदे, मान, टक्कल. आणि मग मी स्वतःलाच दटावलं: अरे, ज्याच्यासाठी आज घर मोडायची वेळ आली, ते तरी बघ.

मी पहिल्यांदा पलीकडे बघितलं.

ती पडद्यावर माझ्याकडे बघत होती. आधी सरळ. मग ओठ एकमेकांवर घट्ट. मग जबडा आवळला, डॉक्टर म्हणाले तसाच. गालाचा स्नायू थरथरला. डोळ्यांत पाणी. तिने एका हाताने दुसऱ्या हाताला चिमटा काढला. मागे कुणीतरी हुंदका दिला.

आणि एकदम मला तो चेहरा ओळखू आला.

आमचे एक साहेब निवृत्त झाल्यावर गायला शिकले होते. एकदा घरी आले आणि डोळे मिटून, मान हलवून, हात हवेत फिरवून गायले. त्या वेळी ही अगदी अशी बसली होती. असेच ओठ, असाच जबडा, असाच हाताला चिमटा. आणि गाणं संपायच्या आत, अशीच ताडकन उठून आत गेली होती आणि धाडकन दार लावून घेतलं होतं. साहेबांना वाटलं, गाणं काळजाला भिडलं. उशीत तोंड खुपसून ती किती वेळ हसत होती, हे फक्त मला माहीत होतं.

पडद्यावरची माझी पाठ मी पुन्हा बघितली. त्या पाठीच्या पुढे, जिथे कॅमेरा नव्हता आणि कुणीच नव्हतं, तिथे माझ्या भुवया एक एक करून खाली येत होत्या. नाकपुड्या फुगत होत्या. डोळे मोठे होत होते. तो सगळा अभिनय जगात एकाच माणसाने पाहिला होता, आणि त्याला तो सहन झाला नव्हता.

मी मान वळवली. शेजारी, अंधारात, ही बसली होती. ओठ घट्ट मिटून. हाताला चिमटा काढून. सगळं आठवून पुन्हा थरथरत होती.

दिवे लागले. अर्धा हॉल डोळे पुसत होता. सचिव उभे राहिले, त्यांचाही आवाज भरून आला होता. "आता बोला. सांगा सर्वांना, काय अर्थ आहे याचा."

माझ्या तोंडापाशी आलं होतं सगळं. एक वाक्य, आणि मी सुटलो असतो. लोक हसले असते, डबे दोघांचे आले असते, इस्त्रीवाल्याने कॉलर नीट केली असती. पण मग 'पलीकडे'चं काय? इतकी माणसं जिच्यासाठी मनापासून रडली, ती बाई एका क्षणात चेष्टेची झाली असती. आणि मी, हेही मान्य करतो, माझ्या नाकपुड्यांसकट कायमचा प्रसिद्ध झालो असतो.

"अर्थ मी सांगणार नाही," मी म्हणालो. "तुम्हाला दिसलं ते तुमचं. मला दिसलं ते माझं. माफी मागणार नाही. कापणार नाही. पुसणार नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा."

लोकांनी म्हटलं. ते इथे देत नाही. गलका शांत झाल्यावर डॉक्टर उठून म्हणाले, "वहिनींचं काम अप्रतिम, पण खरं सांगू का? नवऱ्याच्या पाठीत जरा तरी जीव हवा होता. काही अभिनयच नाही हो. दगड बसवला असता तरी चाललं असतं."

अपमानाने माझे कान तापले. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. ही उभी राहिली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती लोकांसमोर बोलणार होती, आणि सगळा हॉल पुढे झुकला.

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता, "तुम्ही ह्यांना समोरून बघितलेलं नाही. मी बघितलंय."

एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. हॉलमधून एकच सुस्कारा उठला. मुख्याध्यापिकाबाई "अगं बाई गं!" म्हणून खालीच बसल्या. मेव्हण्याने माझ्याकडे असं बघितलं, की आजही त्याच्या गावाला जायचं म्हटलं तर मी विचार करतो.

मुलगी पुढे आली. "आई, चल. बॅग भरलेली आहे."

"मी कुठेही जायची नाही," पदराआडून उत्तर आलं. "मला घरी जाऊ दे. ह्यांच्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

"बिचारी," मागून कुणीतरी म्हणालं. "सुटताही येत नाही."

आम्ही दोघं घरी निघालो. मागे मुलगी, तिच्यामागे मेव्हणा. स्वयंपाकघरात शिरून हिने दार लावून घेतलं आणि कडी घातली. टेबलाशी बसली. समोरची खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली.

"कळलं तर तुम्हाला," ती म्हणाली.

"आधी सांगायचंस."

"तुम्हीच म्हणालात ना, माझ्याकडे बघ. मी बघितलं. तुम्ही कुठे बघत होता?"

मी खुर्चीत बसलो. तिच्या कपाळावरचे केस घामाने चिकटले होते, डोळे लाल झाले होते. इतक्या जवळून, इतका वेळ मी तिला किती दिवसांत पाहिलं नव्हतं कुणास ठाऊक. मला ती फार आवडली.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली. "करा ना परत. ते नाकाचं."

"मुळीच नाही. कलाकाराचा काही मान असतो."

"अहो, करा ना."

मी खुर्ची पुढे ओढली. दुःख आतून उभं केलं. भुवया वर घेतल्या, एक एक करून खाली आणल्या, जबडा आवळला, नाकपुड्या फुगवल्या, आणि या वेळी डोळे मोठे करून तिच्याकडेच बघत राहिलो. तिने ओठ मिटले, हाताला चिमटा काढला, आणि मग सगळं फुटलं. टेबलावर डोकं टेकून, हात आपटत, श्वास लागेपर्यंत ती हसली. वर फरशा फुटत होत्या, तरी तो आवाज घरभर गेला असणार, कारण बाहेरून दारावर धडाधड थापा पडायला लागल्या.

"आई! आई रडतेय! बाबा, दार उघडा!"

"भावजी, दार उघडा, नाहीतर तोडतो!"

मी उठायला लागलो. हिने माझा हात घट्ट धरून मला खाली बसवलं, डोळे पुसले आणि दाराकडे बघून ओरडली, "कुणी आत येऊ नका! शॉट चालू आहे!"